साठातले चौदा

१

“मॅडम, दहा घरांतून एकच घर साठातले चौदा वेळा निघालं, तर त्याले नशीब म्हनाचं का बदमाशी?”

प्रश्न दिव्यानीने विचारला, पण पैज रंजीताची होती. “विचारून दाखव. नाई विचारलं तर आठवडाभर माहा डबा तू घासाचा.” त्यावर रिनाने नाक उडवून “ही? अन् मॅडमले? हट्!” म्हटलं होतं, आणि तेवढं पुरलं. मागच्या वर्षीपर्यंत दिव्यानी हजेरीला ‘उपस्थित’सुद्धा असं म्हणायची, की शेजारच्या बाकावरची पोरगी तिच्या वतीने ओरडायची. पण कुरखेड्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि पोरीच्या जिभेला पाय फुटले. आता ती शिपायालाही घंटा दोन मिनिटं उशिरा का वाजली ते विचारायची.

गेडाम मॅडम फळ्यावर फासा काढत होत्या. दहावीचा गणिताचा तास, संभाव्यतेचा धडा. त्यांनी खडू खाली ठेवला. सगळा वर्ग नकळत तिसऱ्या बाकाकडे पाहू लागला. तिथली एक जागा रिकामी होती. ती रीताची.

दिव्यानीला वाटलं होतं वर्ग हसेल. कोणी हसलं नाही. तिच्या गालावरचं पैज जिंकल्याचं हसू मात्र तसंच राहिलं, आणि ते कसं पुसावं ते तिला कळेना.

रीताचे बाबा मुखरू. मागच्या शनिवारी बेलटोल्याची ढोरं घेऊन ते रानात गेले. संध्याकाळी ढोरं आली, मुखरू आले नाहीत. रविवारी सकाळी नाल्याच्या काठी सापडले. वाघ.

बेलटोला म्हणजे दहा घरांची वस्ती. यंदा वाघ दिसायला लागला तसा जुना गुराखी काठी टाकून पळाला. मग घरागणिक पाळी लावली, तर रोज भांडण. ज्याची पाळी त्याच्या पोटात नेमकं दुखे. शेवटी नागपंचमीला टोल्याने ठरवलं : रोज संध्याकाळी चिठ्ठी काढायची, जे घर निघेल त्यातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी जायचं. पण अर्ध्या टोल्याला वाचता येत नाही, आणि चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या वामनराव आबाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून कागद नाहीच. बांबूच्या दहा कांड्या, पहिल्या घराच्या कांडीला एक खाच, दुसऱ्याच्या दोन, दहाव्याच्या दहा. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात टाकायच्या, हलवायच्या, लहान लेकराने डोळे मिटून एक काढायची, आबाजींनी अंगठ्याने खाचा मोजायच्या. कांडी पुन्हा तुंब्यात.

साठ दिवस हे चाललं. त्यातले चौदा दिवस मुखरूचे.

“रीताची माय, सोमारीकाकू, मातीच्या दिवशी हेच ओरडून राह्यली होती,” दिव्यानी आता हळू बोलली. “चौदा खेपा माह्याच मानसाले काऊन म्हनून. अन् गिरजाबाई म्हनते, तुंब्यात हात लेकराचा नसते, वाघाचाच असते. त्यानं घर हेरून ठेवलं. आता धान कापाले बायकांची टोळी सोमारीकाकूले सोबत घेत नाई. तिची ढोरं कळपात घेत नाई. परवा रविवारी ते दोघी मायलेकी धानोऱ्याले मामाकडे चालल्या. रीताची शाळाबी सुटनार.”

मॅडमनी फळ्यावरचा फासा पुसला. मग म्हणाल्या, “नशीब की बदमाशी, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. पण वाघ की गणित, हे तपासता येतं. चौदा हा आकडा कुठून आला? रडण्यातून की लिहिलेल्यातून?”

“रडन्यातून.”

“मग आधी लिहिलेलं आण.”

२

लिहिलेलं होतं. वामनराव आबाजी वनडेपोत चाळीस वर्षं लाकडं मोजत होते, त्यांचा हात मोजल्याशिवाय राहत नसे. विहाराच्या पडवीत, तुंबा टांगायच्या खुंटीशेजारीच, त्यांचं कॅलेंडर लटकत होतं आणि रोजच्या चौकोनात मोठ्ठ्या अक्षरात एक नाव.

“जयभीम आबाजी. कॅलेंडर पाहू का?”

“पाह्य. पण आता त्याचं काय करतं, पोरी? रविवारी तुंबा नदीत सोडून देऊन राह्यलो आमी. पाप हाय ते.”

दिव्यानी नावं वाचत गेली, रंजीता वहीत रेघा मारत गेली. सात वेळा, पाच, आठ... वामनरावांचं घर सहा, निकेशचं आठ, गिरजाबाईचं चार. पत्रूचं एक. मुखरूचं चौदा. सगळे मिळून साठ, बरोबर.

“तुमचं एकच व?” रंजीताने पेन्सिल तिच्या दंडात टोचली. “नशीब काढलं बाप्पा तुमी तं.”

पत्रू म्हणजे दिव्यानीचे बाबा. दोन वर्षांपूर्वी तेंदूपानाच्या पोत्यासकट ते मोहाच्या मुळावर असे पडले, की डावा पाय कायमचा काठीसारखा ताठ झाला. त्यामुळे एक ऑगस्टला त्यांचं घर निघालं तेव्हा दिव्यानीच गेली होती ढोरांमागे. शाळा बुडवून. नाल्याच्या ओल्या रेतीत तिने ताटलीएवढा पंजा पाहिला होता, आणि त्या पंज्यात पाणी अजून भरत होतं. दोन दिवस ती तापाने फणफणली. त्यानंतर त्यांचं घर पुन्हा निघालं नाही, आणि त्याबद्दल तिने कधी कुणाला काही विचारलंही नाही. कोण विचारतं?

“आबाजी, हे काय?” तिने नऊ ऑगस्टच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे ‘पत्रू’ लिहून खोडलं होतं आणि खाली ‘मुखरू’.

“ते होय... माहा अंगठा चुकला. मी सहा मोजल्या, तुमचं घर सांगून टाकलं. मंग पुन्हा मोजल्या तं सात. मुखरूची कांडी.” आबाजी डोळे चोळत म्हणाले, “चाळीस वर्सांत लाकडाची एक बल्ली चुकली नाई माही. पन त्या दिवशी चुकली.”

कांड्या कापल्या कोणी? निकेशने. आणि निकेशचं नि मुखरूचं बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, हे टोल्यातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. दोघी पळतच त्याच्या अंगणात. निकेश विळ्याला धार लावत बसला होता.

“निकेशदादा, मुखरूकाकाची कांडी तू लांब कापली होती का? हाताले लवकर लागावी म्हनून?”

निकेशचा हात थांबला. “कोन शिकवलं तुले हे?”

“कोनी नाई. विचारून राह्यली.”

“ऐक पोट्टे,” तो उठला, आणि रंजीता दोन पावलं मागे सरकली. “भांडन होतं माहं. धुऱ्यावरून होतं. वीतभर मातीवरून. पन तो गेला त्या दिवशी त्याले नाल्यातून खांद्यावर कोनं आनलं? ईचार तुह्या बापाले. मीच आनलं. अन् कांड्या मी एका मापानं कापल्या, तवा तोच बाजूले बसून बिड्या पाजे मले. तीन वर्सांनी पह्यल्यांदा बोलला होता माह्याशी.” त्याने बाहीने डोळे पुसले. “जाय घरी.”

दोघी गेल्या. वाटेत रंजीता म्हणाली, “हा नसन व. रडला तो.”

“रडनारे करत नाईत काय?” दिव्यानी ताठ मानेने म्हणाली. गुप्तहेर होणं तिला मनापासून आवडायला लागलं होतं. अजून.

३

शनिवारी सकाळची शाळा. मॅडमनी वर्गाचे दहा गट केले आणि प्रत्येक गटाला खडूचा एक रिकामा डबा दिला. डब्यात कागदाच्या दहा सारख्या घड्या, एक ते दहा.

“प्रत्येक घडी निघायची शक्यता सारखी. म्हणजे दहातली एक. साठ वेळा काढलं तर सात नंबर किती वेळा यावा?”

“सहा!” वर्ग ओरडला.

“ही झाली कागदावरची संभाव्यता. सहाच वेळा येईल का?”

“हो!” अर्धे म्हणाले. “नाई!” उरलेले.

“काढा मग. काढलेली परत टाका, हलवा, पुन्हा काढा. साठ वेळा. बेलटोल्याचे साठ दिवस.”

अर्धा तास वर्गाचा बाजार झाला. विक्कीच्या गटात सलग तीनदा सात निघाला, तर तो डबा डोक्यावर घेऊन नाचला. “आता चौथ्यांदा नाई येनार, लावता का?” चौथ्यांदाही सातच आला. “डब्याला आठवण नसते, विक्की,” मॅडम म्हणाल्या. “मागे काय निघालं ते डब्याला माहीत नसतं. ते फक्त तुला माहीत.”

मग दहा गटांत सात किती वेळा आला ते फळ्यावर लिहिलं : सहा, चार, सात, पाच, आठ, सहा, नऊ, पाच, तीन, आठ. बेरीज एकसष्ट. सहाशे वेळांत एकसष्ट.

“एका गटाचा आकडा उड्या मारतो,” मॅडम म्हणाल्या, “पण जितकं जास्त वेळा काढाल तितकं दहातल्या एकाच्या जवळ येतं. आता सांगा, कुठल्याही गटात, कुठलाही नंबर चौदा वेळा आला?”

शोधाशोध झाली. दहा गट, दहा नंबर, शंभर आकडे. सगळ्यात मोठा बारा. तोही एकदाच.

“म्हणजे वाघ नाई!” दिव्यानी उभीच राहिली.

“म्हणजे एवढंच, की चौदा होणं अशक्य नाही, पण फार क्वचितचं आहे. संभाव्यता कोणाला फाशी देत नाही, दिव्यानी. ती फक्त बोट दाखवते, इथे बघ म्हणून. बघायचं काम आपलं. आता विचार कर, सात जास्त निघायला डब्यात काय व्हायला पाहिजे?”

दिव्यानीने क्षणभर विचार केला. मग पुढे जाऊन एका डब्यातली एक घडी बाहेर काढली, कागदाचा नवा तुकडा फाडला, त्यावर सात लिहिलं आणि टाकला. आता डब्यात दोन सात. पाच गटांनी तसं करून पुन्हा साठ-साठ वेळा काढलं. अकरा, तेरा, नऊ, चौदा, बारा.

वर्गात कोणीतरी शिट्टी वाजवली. चौदा!

“दोन कांड्या होत्या,” रंजीता पुटपुटली. “कोनीतरी दोन टाकल्या.”

“पण तुंब्यात कांड्या दहाच होत्या ना?” मॅडमनी विचारलं. “आबाजी तर मोजल्याशिवाय राहत नाहीत म्हणता.”

“दहाच.”

“मग दुसरा सात टाकताना तू काय केलंस आधी?”

दिव्यानीने हातातल्या घडीकडे पाहिलं. बाहेर काढलेल्या. ती तिने उघडलीच नव्हती.

“कालपासून सगळे तुमच्या यादीतला मोठा आकडा पाहताहेत,” मॅडम हळूच म्हणाल्या. “सगळ्यात लहान कोणी पाहिला नाही.”

४

तुंबा खुंटीवर होता. आबाजी पडवीत डुलक्या घेत होते. रंजीताला घरी धाकट्या भावाला सांभाळायचं होतं, म्हणून दिव्यानी एकटीच आली होती. तिने तुंबा उतरवला, विहारासमोरच्या चिंचेखाली बसली आणि कांड्या मातीवर ओतल्या.

दहा. सगळ्या एका मापाच्या, हात लागून लागून तेलकट काळ्या झालेल्या. निकेशदादा खरं बोलला होता.

तिने त्या ओळीने लावल्या. एक खाच, दोन, तीन, चार, पाच. पुढची उचलली, मोजली. सात. ती बाजूला ठेवून पुढची. सात. मग आठ, नऊ, दहा.

पुन्हा लावल्या. पुन्हा मोजल्या, आबाजींसारख्या, डोळे मिटून अंगठ्याने.

दोन सातमधल्या एकीवर सगळ्या खाचा सारख्या अंतरावर होत्या. दुसरीवर सहा खाचा सारख्या, खोल, काळ्या. आणि सातवी अगदी टोकाशी, दाटीवाटीने कोरलेली, उथळ, रंगाने फिकी. नंतरची.

कुणीतरी सहा खाचांच्या कांडीवर आणखी एक खाच पाडली होती. पाडलेली खाच बुजवता येत नाही. सहाचे पाच करता येत नाहीत. सहाला निघू द्यायचं नसेल तर तिचे सातच करावे लागतात, आणि मग ओझं सातव्या घरावर पडतं.

टोल्यातलं सहावं घर कोणाचं?

तिला मोजावं लागलं नाही. ती त्याच घरात राहत होती.

५

बाबा.

दुसरं नाव डोक्यात येतच नव्हतं. ताठ पायाने फरफटत पडवीपर्यंत जायला बाबांना पाच मिनिटं लागली असती. चाकू तर कनवटीलाच असतो. आणि कारण? कारण तापात बरळणारी ती स्वतः.

कांडी ओढणीत गुंडाळून ती घराकडे निघाली, पण घरासमोर पाय थांबले नाहीत. एक घर पुढे गेले. सातव्या घरी.

रीता अंगणात बसून पुस्तकांना सुतळी बांधत होती. सोमारीकाकू आत भांडी पोत्यात भरत होती. कोणी मदतीला नव्हतं. एरवी लग्नाला, मातीला सगळा टोला ज्या अंगणात मावायचा, तिथे आज एक कोंबडी फिरत होती.

“बीजगणित तुले देऊन जाऊ का?” रीता म्हणाली. “धानोऱ्याच्या शाळेत जागा भेटन का नाई, काय माहीत.”

दिव्यानी बसली. बोलायला आली होती की विचारायला, तिलाच कळत नव्हतं. “रीता, काकाचा कोनावर राग होता? तुंब्याबद्दल? काही बोलला कधी?”

“बाबा?” रीता हसली. “एका दिवशीबी नाई. निघालं की म्हने, बरं झालं, घरी बसून तुही माय बोलनी खाऊ घालते. आईच चिडे. तो हासे.” सुतळीची गाठ ती दाताने आवळत होती. “एक डाव तं लय मजा झाली. राखीच्या दिवशी. कांडी मीच काढली होती लहान्या पोराईच्या जागी. आबाजी म्हने सहा, पत्रूचं घर. अन् बाबा तिकून चिंचेच्या बुडातून ओरडला, ‘आबाजी, आंधळे झाले का, सात हायेत, पुन्हा मोजा!’ मोजल्या तं सातच! सगळे म्हने, मुखरूची नजर घारीची. पन त्याच्या नजरेनं वाघ नाई दिसला...” ती थांबली. “तू तं हुशार हायेस, दिव्या. लोकं म्हन्तेत वाघानं आमचं घर हेरलं. आमचं काय चुकलं, तू सांग ना मले.”

दिव्यानीने मनात पावलं मोजली. चिंचेचं बूड ते विहाराची पडवी, तीस पावलं. संध्याकाळची वेळ. कांडी आबाजींच्या मुठीत. चाळीस वर्षं लाकडं मोजलेल्या अंगठ्यालाही ती उथळ खाच लागली नव्हती. आणि तीस पावलांवरून, हातात न घेता, न पाहता, एका माणसाला माहीत होतं की तिथे सातवी खाच आहे.

ज्याला आपली पाळी चुकवायची, तो ओरडून आपल्यावर ओढून घेत नाही. ज्याच्यावर कुणी कपट केलं, त्याला त्या खाचेचा पत्ताच नसतो. ती खाच कोणी पाडली हे एकालाच ठाऊक असू शकतं.

पाडणाऱ्याला.

“दिव्या? काय झालं व? काऊन रडून राह्यली?”

६

आई चुलीपाशी होती, बाबा खाटेवर. अजून उजेड होता. दिव्यानीने कांडी जमिनीवर, दोघांच्या मधे ठेवली.

“मोजा,” ती म्हणाली.

बाबांनी उचलली, मोजली. “सात. मुखरूची. काऊन आनली घरी?”

“नीट मोजा बाबा. सहा जुन्या, एक नवी. आपली हाय हे.”

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते खोटं नव्हतं. दिव्यानीने ते डोळे भरून पाहून घेतलं, आणि दुपारपासून छातीवर असलेला एक दगड उतरला. पण दुसरा तिथेच होता, कारण आईने मोजायला हात पुढे केलाच नव्हता. ती चुलीतलं लाकूड उगाच आत-बाहेर करत होती.

“आई.”

“मी त्याले म्हनलं नव्हतं,” वच्छलाबाई चुलीकडे बघतच म्हणाल्या. “तुह्या बाबाच्या गळ्याची आन. तू तापात पडली होती, पंजा पंजा करून बरळत होती. मी सोमारीच्या चुलीपाशी जाऊन रडली. म्हनलं, मी धान रोवन्याले नाई गेली तं खावाचं काय, अन् घरात दुसरं कोन हाय? पुन्हा घर निघालं तं पोट्टीच जाईन. तिचं दहावीचं वर्स. मुखरूभाऊ बिडी पीत बसले होते दारात. काही बोलले नाई. दोन दिवसांनं विहिरीवर भेटले तं म्हने, ‘वैनी, आता तुमचं घर नाई निघत. पोरीले शिकू द्या. रीताले बेरजा तिनंच शिकवल्या.’ मले वाटलं, धीर देऊन राह्यले. मंग महिना गेला, दुसरा सरत आला...”

“अन् तुले समजलं.”

“समजलं.” पदर तोंडाशी गेला. “समजलं तरी गप बसली. रोज म्हनो, उद्या बोलीन. तुले पुस्तकापाशी पाहो अन् म्हनो, उद्या.”

बाबांनी कांडी खाली ठेवली, जपून, जणू ती तुटेल. “सात दिवसांपासून त्या बाईले लोकं वाघाची बायको म्हनून राह्यले,” ते म्हणाले. “अन् तू आयकून घेतलं.”

“मंग काय करू? सांगू तिले? आमच्या पोरीपायी तुहा मानूस गेला म्हनून सांगू?” आई एकदम वळली. “अन् कशावरून आपल्याच कांडीनं गेला तो? त्याची सोताची कांडी होतीच ना तुंब्यात! त्या दिवशी तेच निघाली असन. त्याचीच पाळी असन ते. असन का नाई?”

दिव्यानीला एकदम खडूचा डबा दिसला, आणि त्यातले दोन सात. तशाच तुंब्यातल्या दोन कांड्या, सारख्या लांबीच्या, सारख्या काळ्या. शुक्रवारच्या त्या संध्याकाळी कुणा लेकराच्या हाताला त्यातली एक लागली आणि परत तुंब्यात पडली. कोणती, ते कोणालाच माहीत नाही. आबाजींना नाही, त्या लेकराला नाही. मुखरूकाकांनाही नसेल. डबा सहाशे वेळा हलवता येतो, सहा हजार वेळा हलवता येतो. ती एक संध्याकाळ पुन्हा काढता येत नाही.

“असू शकते,” ती म्हणाली. “दोन कांड्या. दोघींची शक्यता सारखी. अर्धी त्याची, आई. अर्धी आपली.”

“मंग अर्धी त्याची हायच ना!”

“हाय. पन मले अर्धीबी पेलत नाई.”

आता ती रडत नव्हती. रीताच्या अंगणात जेवढं होतं तेवढं रडून झालं होतं. कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या, आणि शेजारच्या घरातून पोत्यात भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

“रविवारी सगळे जमतील चिंचेखाली, तुंबा सोडाले,” ती म्हणाली. “नदीत गेला की कोनी पाहानार नाई, कोनी मोजनार नाई. अन् सोमारीकाकूच्या घराले जन्मभर वाघ चिकटून राहीन.”

“लोकं आपल्याले वाळीत टाकतील,” आई म्हणाली. आवाजात आता भांडण नव्हतं, नुसती भीती होती. “सोमारी तं तोंड नाई पाहानार आपलं. रीताबी नाई.”

“नाई पाहानार. मले माहीत हाय.”

बाबांनी काठीकडे हात नेला आणि परत घेतला. “तुले नाव ठेवतील, पोरी. दहावी झाल्यावरबी ठेवतील. मी बोलतो. बापानं बोलाचं असते.”

“नाई बाबा. तुमाले माहीत नव्हतं, अन् आईले बोलता नाई आलं. त्यानं जे केलं ते माह्या पुस्तकासाठी केलं.” तिने कांडी उचलली आणि ती उभी राहिली. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहायची तशी नव्हे. आवाज घराबाहेर जाईल एवढा होता, आणि या वेळी तिने तो हळू केला नाही. “मी सांगून राह्यली तुमाले, ईचारून नाई. आता, उद्याची वाट न पाहता, मी सोमारीकाकूच्या घरी जाते. पह्यले तिले सांगीन, एकटीले. अन् सकाळी सगळ्या टोल्यासमोर सांगीन, की वाघानं कोनाचंच घर हेरलं नव्हतं. रानात जाची पाळी आमच्या घराची होती, आमच्या जागी मुखरूकाका जात होता. तुमाले याचं असन तं या.”